शिळ्या उन्हाचं पाणी

आमच्या बंबामुळे उत्तर ध्रुवावरचं बर्फ वितळतंय, हे मला पहिल्यांदा ऑफिसात कळलं. पर्यावरण दिन होता. प्रत्येक कार्यालयात एक व्याख्यान झालंच पाहिजे असं वरून परिपत्रक आलं होतं, म्हणून साहेबांनी कुठल्याशा कॉलेजातले प्राध्यापक धरून आणले. प्राध्यापक बरे बोलले. माणूस जे जे जाळतो त्याचा कार्बन हवेत जातो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा गुंडाळला जातो आणि आत पृथ्वी उकडत बसते, असं त्यांनी समजावलं. शेवटी हात उंचावून म्हणाले, "तेव्हा मित्रहो, प्रत्येकानं आपापला कार्बन कमी करा!" टाळ्या झाल्या, चहा-चिवडा झाला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांचा लेखी हुकूम निघाला, की यापुढे टायपिंगचा कार्बन पेपर काटकसरीनं वापरावा, एक कार्बन साफ पांढरा पडल्याशिवाय दुसरा मागू नये. त्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसातल्या स्थळप्रती वाचायला ज्योतिषी बोलवावा लागला असता.

दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं. जगबुडी होणार म्हणून सांगितलं होतं ती झाली नव्हती, त्यामुळे पृथ्वीच्या काळजीवरनं लोकांचं लक्ष उडालं होतं. सबंध ऑफिसात खरा कार्बन काय तो मलाच कळला होता. माझ्या हुशारीचा यात काही भाग नाही. तो मी रोज सकाळी आमच्या मागच्या अंगणात प्रत्यक्ष बघत होतो.

तिथं मोरीच्या दाराशी तांब्याचा बंब होता. आणि बंबाशी अव्वा, म्हणजे माझी आई शांतव्वा. तिचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं, त्यामुळं तिचं मराठी निम्म्या वाटेवर आलं की कानडीकडे वळतं. उजाडायच्या आत उठायचं, बंबात शेणीचा तुकडा, करवंट्या आणि उसाची वाळकी चिपाडं भरायची, आणि फुंकणीनं जाळ करायचा, हे तिचं काम. धूर आधी तिच्या छातीत जायचा, मग माझ्या बायकोनं, महानंदानं, वाळत घातलेल्या कपड्यांत, मग शेजारच्या आकारामच्या माजघरात, आणि उरलेला उत्तर ध्रुवाकडे रवाना व्हायचा.

व्याख्यानाच्या दिवशी घरी आल्या आल्या मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. आपण इथं बंब पेटवतो आणि तिकडं लांब बर्फ वितळून पाणी होतं, म्हटलं.

"मग बरं हाय की," अव्वा म्हणाली. "त्यास्नी बी अंगुळीला पाणी मिळंल."

पृथ्वी वाचवण्याचा विषय आमच्या घरी त्या दिवशी एवढ्यावरच संपला.

तो पुन्हा निघाला तो थंडीत, अव्वाचा खोकला बळावला तेव्हा. खोकताना ती भिंतीला धरून उभी राहायची आणि आम्ही घरातले सगळे आपापल्या जागी थिजून जायचो. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि विचारलं, "आजी, विडी ओढता काय?" जिनं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही ती अव्वा डॉक्टरांकडे अशी बघत राहिली, की त्यांनी आपणहून नळी काढून घेतली. मग मला बाहेर बोलावून ते म्हणाले, "धूर बंद करा. कायमचा. नाहीतर पुढच्या थंडीत मला विचारायला येऊ नका."

मला एका दगडात दोन पक्षी मारता येतील असं दिसलं. अव्वाची छातीही वाचणार आणि पृथ्वीही. मी सोलर घ्यायचं ठरवलं.

आमच्या कॉलनीत सोलरचा हा पहिलाच प्रसंग. त्यामुळे सल्ला द्यायला कुणालाच अनुभवाची अडचण नव्हती. आकाराम एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेला. जगातलं कुठलंही यंत्र त्याच्या लेखी बिघडलेली एसटी असते. कंपनीचा माणूस पहिल्यांदा गच्ची बघायला आला तेव्हा आकाराम आमच्या आधी गच्चीवर हजर होता. कंपनीचा माणूस म्हणजे पृथ्वीराज, नुकता इंजिनिअर झालेला पोरगा. कोल्हापुरात भर उन्हात टाय बांधून फिरणारा मी पाहिलेला तो एकटाच.

"तोंड कुनीकडं करनार ह्याचं?" आकारामनं विचारलं.

"दक्षिणेला," पृथ्वीराज म्हणाला.

"दक्षिनंला? यमाची दिशा की ती!"

"काका, सूर्य दक्षिणेच्या बाजूनं जातो."

"जाऊ दे की सूर्याला. त्येचं काय घर हाय व्हय हितं? ऱ्हायाचं ह्या शेट्यास्नी हाय," आकाराम माझ्याकडं बोट करून म्हणाला.

त्यावर साधा गिझर का घेत नाही, अशी सूचना बयाबाईनं, म्हणजे आकारामच्या बायकोनं, खालून मोठ्यानं केली. पृथ्वीराजला हवी तेवढी संधी मिळाली. गिझरचा धूर दिसत नाही एवढंच, तो लांब कुठं तरी कोळशाच्या वीजघरात निघतो, असं तो कठड्यावरून वाकून सांगू लागला. ही सोलरची पेटी म्हणजे वर्षानुवर्षं झाडं लावत बसण्यासारखं पुण्य आहे, असंही म्हणाला. बोलता बोलता त्यानं गच्चीवर पडलेली सावली पाहिली. ती आकारामच्या शेवग्याची होती.

"हे झाड मात्र तोडावं लागेल," तो म्हणाला.

आकारामनं आधी झाडाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शेटे, झाडं लावल्याचं पुन्य मिळावं म्हनून माझं झाड तोडाया सांगतोय ह्यो. तुमीच बघा." शेवटी एक फांदी तोडायची, आणि पुढची सगळी वर्षं शेवग्याच्या शेंगांचा पहिला वाटा आम्ही मागायचा नाही, असा तह झाला. शेंगांचा दुसरा वाटाही आम्हाला कधी मिळाला नव्हता, पण तहात तसं बोलून दाखवायचं नसतं.

मग परवानगी. कुठल्या कचेरीत गेलो ते सांगत नाही, मला याच गावात राहायचंय. गच्चीवर लोखंडी घोडा बसवून त्यावर टाकी ठेवायची, एवढाच प्रश्न होता. तिथल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, "आधी हे सांगा, हे बांधकाम आहे की यंत्र?" मी म्हटलं, त्यात काही फिरत नाही, आवाज होत नाही. "मग यंत्र नव्हे. बांधकाम?" विटा नाहीत, सिमेंट नाही. "मग आहे काय?" मी बरंच डोकं खाजवलं आणि खरं ते सांगितलं, "पाणी तापवायचं भांडं आहे." गृहस्थ खुर्चीत मागे रेलले. "भांड्याला परवानगी लागत नाही. पण लागत नाही असं लिहून द्यायचं असेल, तर साहेब लागतात, आणि साहेब रजेवर आहेत." साहेब येईपर्यंत मी त्या बाकावर इतक्या वेळा बसलो, की शिपाई मला स्टाफ समजून चहा द्यायला लागला.

टाकी आली तो दिवस कॉलनीच्या लक्षात आहे. ती जिन्यातनं वर जाईना. मग गच्चीवरून दोर सोडून ती बाहेरच्या बाजूनं ओढायची ठरली. खाली आकाराम, वर पृथ्वीराज, आणि दोघंही हुकूम सोडणारे. टाकी निम्म्यावर गेली आणि दोघांचे हुकूम एकमेकांशी न पटल्यामुळं बरोबर बयाबाईच्या माडीच्या खिडकीसमोर लोंबकळत राहिली. बयाबाई आत गेली, करंडा घेऊन आली आणि खिडकीतनं वाकून टाकीला कुंकू लावलं. "दारात आल्याल्या पावन्याला तसंच कसं वर धाडायचं?" असं तिचं म्हणणं. ते लाल बोट टाकीवर पुढे बरेच दिवस होतं.

त्याच संध्याकाळी माझी थोरली बहीण आक्का मुरगूडहून आली आणि जाताना बंब घेऊन गेली. घरात राहिला तर अव्वा तो पुन्हा पेटवेल, म्हणून मीच तसं ठरवलं होतं. अव्वा जीप वळेपर्यंत दारात उभी राहिली आणि मग आत गेली.

मोरीत चकचकीत नळ बसला. त्याच्या उद्घाटनाला सगळे जमले. पृथ्वीराजनं टाय सारखा केला आणि अव्वाला उद्देशून छोटंसं भाषण केलं. त्यातलं शेवटचं वाक्य कंपनीनं त्याच्याकडून पाठ करून घेतलेलं असावं. तो म्हणाला, "आणि आजी, याचं वैशिष्ट्य म्हणजे आज दिवसभर उन्हात तापलेलं पाणी उद्या सकाळीसुद्धा तस्संच कढत!"

अव्वानं मान वर केली. "म्हंजे सकाळी येनार ते पानी कालचं?"

"हो आजी! कालचंच!" पृथ्वीराज आनंदानं म्हणाला.

"काल तापल्यालं?"

"अगदी! काल तापलेलं!"

अव्वानं नळाकडे बघितलं आणि एकच शब्द उच्चारला. "तंगळ."

तंगळ म्हणजे कानडीत शिळं. रात्रीची उरलेली भाकरी तंगळ, कालचा भात तंगळ. आणि आता कोल्हापुरात पहिल्यांदाच, कालचं ऊन तंगळ.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आम्ही लिंगायत. अव्वा सकाळी अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करते, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाही. थंड पाणी तिला चालत नव्हतं, छाती धरायची. शिळं पाणी लिंगाला चालत नव्हतं. म्हणून तिनं मार्ग काढला तो असा, की आजचं ऊन लागून आजचं पाणी तापेपर्यंत थांबायचं. म्हणजे दुपार. तोवर अंघोळ नाही, पूजा नाही, पोटात भाकरी नाही आणि भाकरीनंतरची रक्तदाबाची गोळी नाही.

मी तिच्याशी शास्त्रोक्त वाद घातला. म्हटलं, "अव्वा, सूर्य काय रोज नवा असतो व्हय? एकच हाय की तो."

"जात्यातलं पीठ बी एकाच जात्यातनं येतंय," ती म्हणाली. "म्हनून कालची भाकरी आज ताजी हुतीय काय?"

यात भर घातली आकारामनं. तो गंभीरपणे म्हणाला, "पर आजी, दुपारचं पानी बी निव्वळ आजचं कुठलं? टाकीत कालचं उरल्यालं आसतंयच की." मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. अव्वानं फर्मान काढलं, की रोज संध्याकाळी टाकी पार रिकामी करायची.

आता माझी अवस्था बघा. पृथ्वी वाचवायला निघालेला मी, रोज संध्याकाळी टाकीभर कढत पाणी मागच्या गटारीत सोडत होतो. कोपऱ्यातली अळूची पानं भाजून काळी पडली. कॉलनीतली घरं थंड पाण्यानं अंघोळ करत होती आणि गटार मात्र वाफाळत होतं. सकाळी आमच्या सोलरच्या नळातनं विहिरीसारखं गार पाणी यायचं. महानंदानं दोन दिवस ते सोसलं आणि मग पहाटे गॅसवर पातेलं चढवलं. पहिलं पातेलं तिनं अव्वासाठी काढून दिलं, ताजं, कडकडीत तापलेलं.

"आत्ती, हे घ्या. आत्ताच तापवलंय."

अव्वानं पातेल्याला हात लावला नाही. "माझ्यापायी तू पहाटं उठायचं? नगं. ह्या घरात पानी म्या दिलंय. कुनाकडनं घेतलं न्हाय." गॅसच्या भडक्याची तिला भीती, त्यामुळे ती स्वतः तापवणार नव्हती. महानंदा पातेलं घेऊन तशीच उभी राहिली, आणि त्या दिवशी दोघीही एकमेकींशी फार गोड बोलत होत्या. हे लक्षण चांगलं नव्हे एवढं मला लग्नाच्या अनुभवानं कळतं.

मग मी स्वामींकडे गेलो. पेठ वडगावच्या बाजूला आमच्या घराण्याचे जंगम राहतात. त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते मनमोकळं हसले आणि म्हणाले, "अहो, आपल्या धर्मानं सूतकसुद्धा मानलेलं नाही. पाण्याला कुठलं शिळेपण? मी येऊन सांगतो आईंना." आले. पाटावर बसले. अव्वानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडून विचारलं, "खरं हाय स्वामी. सूतक न्हाय. पर तुमी पूजा करतासा तवा फुलं कालची वाहतासा काय?"

स्वामी थांबले. म्हणाले, "नाही. ताजी."

"का बरं?"

स्वामींनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. जेवण झाल्यावर पादत्राणं घालता घालता ते मला हळूच म्हणाले, "आईंचं चुकत नाही हो." अशा रीतीनं मी बोलावलेला साक्षीदार फिर्यादीच्या बाजूनं गेला.

एवढं सगळं होत असताना एक गोष्ट मात्र मला दिसत होती. अव्वाचा खोकला गेला होता. पहाटे भिंतीशी उभं राहणं थांबलं होतं. रात्रभर ती एका लयीत झोपायची आणि मी मध्येच जागा झालो तर नुसता ते ऐकत पडायचो. सोलर काढून टाकावा असं महानंदा म्हणायची तेव्हा मला तो श्वास आठवायचा आणि मी विषय बदलायचो. पण तीच अव्वा उपाशीपोटी दुपारची वाट बघत अंगणात बसायची, आभाळात ढग आला की त्याच्याकडे बघायची, आणि तिचे गाल बसत चालले होते. एक दिवस भाजी निवडताना तिला घेरी आली. महानंदानं धरलं म्हणून पडली नाही. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही धूर बंद केलात, आता जेवण बंद करताय काय?"

मी रजा टाकली आणि मुरगूडला गेलो, बंब परत आणायला. छातीचं पुढं बघू, आधी तिच्या पोटात भाकरी जाऊ दे, एवढंच डोक्यात होतं.

तांब्याचा बंब घेऊन एसटीनं येण्याचा प्रसंग वैऱ्यावर येऊ नये. गाडीला गर्दी. बंब वर टपावर ठेवायला आक्कानं बजावून मनाई केली होती, पोचे पडतात म्हणून. मी तो मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला. "पावनं, तुमचं झालं. ह्या पावन्याचं तिकीट?" पाठीमागच्या बाकावरचा एक म्हातारा माझ्याकडे फार कळवळून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "वाटनी झाली व्हय?" त्यानं विचारलं. घरातली तांब्याची भांडी मांडीवर घेऊन माणूस फिरतो तो वाटणीच्याच वेळी, हे बरोबर. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "लपवू नगा. आमच्यात बी झाली. तुमच्या वाट्याला येवडंच आलं?" मग सगळी गाडी माझ्या वाटणीत शिरली. वकील करा असं एक जण म्हणाला, बहिणीशी भांडू नका असं एका बाईनं सांगितलं, आणि कागलला उतरताना त्या म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवून "व्हईल सगळं नीट" म्हटलं. ऑफिसात वरिष्ठ लिपिक म्हणून ज्याला लोक उठून नमस्कार करतात, त्या माझी कोल्हापूर स्टँडवर उतरताना मान वर होत नव्हती.

घरी आलो तर अव्वा पायरीवर बसली होती. ऊन कलायला आलं होतं. मी बंब तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं त्याच्यावरनं हात फिरवला, एक पोचा सापडला, त्यावर बोट ठेवून ती तिथं नसलेल्या आक्काला कानडीत काहीतरी बोलली. मग उठून चिंच आणून तो घासायला बसली. मी धावत जाऊन बयाबाईकडनं करवंट्या आणल्या, आकारामनं आपल्या परसातली चिपाडं दिली.

"पेटव अव्वा," मी म्हटलं. "उद्या सकाळी पहिल्यासारखं. सोलर काढून टाकतो."

तिचा हात थांबला. "कशापायी काढतोस? धूर गेला ते बरं झालं की. छाती हलकी झालीय माझी. महानंदाचं डोळं बी चुरचुरायचं, मला काय कळत नव्हतं व्हय? ती बोलत न्हाय इतकंच. बंब नगं मला."

मी तिच्या शेजारी खाली बसलो. सगळं ऑफिस, स्वामी, कंडक्टर आणि उत्तर ध्रुव माझ्या अंगावर आल्यासारखं वाटत होतं. "मग तुला पायजे तरी काय अव्वा?"

तिनं चिंचेचा चोथा बाजूला ठेवला.

"सैपाकघर सुनंकडं गेलं, ते बरोबर हाय," ती म्हणाली. "बाजार तू करतोस. पर सकाळी उठून सगळी माझ्याकडं येत हुती. तू यायचास, महानंदा यायची, बयाबाई बादली घेऊन यायची. 'अव्वा, पानी तापलं काय?' म्हनून इचारायची. आता नळ सोडला की झालं. पानी तापलं काय म्हनून मला आता कुनी इचारत न्हाय रं."

आत महानंदा ताटं मांडायची थांबली होती, तिनंही ऐकलं असावं. जिला विचारल्याशिवाय या घरात कुणाच्या अंगावर पाणी पडलं नाही, तिला मी एका चकचकीत नळानं रिटायर केलं होतं, आणि वर पृथ्वी वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटत होतो. मी तिचा चिंचेचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी गुंडू प्लंबरला बोलावलं. त्याला सांगितलं, मोरीतला गरम पाण्याचा नळ काढ. बाहेर अंगणात, बंब होता त्या कोपऱ्यात बसव. एकच नळ, दुसरा कुठं नाही. गुंडूनं निमूटपणे पाना काढला, पण पृथ्वीराजला बातमी लागली आणि तो मोटारसायकलवरनं धावत आला.

"काका, लोक बाहेरचा पाइप बाथरूममध्ये घेतात. तुम्ही बाथरूममधला बाहेर काढताय?"

"व्हय."

"पण मग प्रत्येकाला बादली घेऊन अंगणात यावं लागेल!"

"व्हय."

"कंपनीला कारण काय सांगू?"

"आई, असं सांगा."

त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, "प्रेशर सांगतो." आम्हा दोघांच्या बोलण्यात फारसा फरक नव्हता.

त्या संध्याकाळी टाकी रिकामी करायचं मी मुद्दामच विसरलो. सकाळी उजाडायच्या सुमाराला अव्वा कोपऱ्यात पाटावर बसली. शेजारी मी, महानंदा, आणि कारण नसताना आकाराम. पृथ्वीराजही आला होता, नवा जोड गळतो का बघायला. अव्वानं नळ सोडला. आधी गार पाणी आलं. ते तिनं अबोलीच्या आळ्यात जाऊ दिलं. हात नळाखाली धरून ती थांबली. मग पाणी कोमट झालं, मग कढत, आणि तिच्या बोटांवरनं वाफ निघाली.

"बघितलासा?" ती म्हणाली. "म्होरं आलं ते गार. ते रातचं. तंगळ. ते गेलं झाडाला. आता मागनं येतंय ते ताजं."

पृथ्वीराजनं तोंड उघडलं. गार पाणी हे नुसतं पाइपात अडकलेलं असतं आणि मागून येणारं सगळं कालच्याच उन्हाचं असतं, हे त्याला सांगायचं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं टाय सैल केला आणि तोंड मिटलं. आकारामसुद्धा काही बोलला नाही, हे मी त्याच्या बाजूनं कायमचं नोंदवून ठेवलं आहे.

अव्वानं पहिली बादली स्वतःला घेतली. अंघोळ केली, भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. कॉलनीवर ऊन येण्याआधी तिनं भाकरी खाल्ली आणि महानंदानं पुढे केलेली गोळी घेतली. महानंदा पदरानं डोळे पुसत होती, आणि यावेळी अंगणात धूर नव्हता.

मग नेहमीचं सुरू झालं. बयाबाई बादली घेऊन कुंपणाशी आली आणि ओरडली, "आजी, तापलं काय वो?" अव्वानं तिला बोलावलं, बादली भरून दिली, तिच्या सुनेची चौकशी केली, थोडी कुजबूज झाली. महानंदानं विचारलं, तिला मिळालं. मी बादली घेऊन शेवटी गेलो. ऑफिसला उशीर झाला होता, साहेबांच्या हुकमाप्रमाणे हजेरीला लाल रेघ पडणार होती.

"अव्वा, पाणी तापलं काय?"

तिनं नळाखाली हात धरला. डोळे बारीक केले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तापाया लागलंय. थांब जरा."

पाणी काल दुपारपासूनच तापलेलं होतं. मी बादली खाली ठेवली आणि थांबलो.